मोजपट्टीला पैसे कोण देणार?

ताप आला की आपण काखेत थर्मामीटर लावतो. गोळी घेतो, चार तासांनी पुन्हा लावतो. १०२ होता, ९९ वर आला, म्हणजे औषध लागू पडले. आता कॅन्सरचे पाहा. यकृतात किंवा फुप्फुसात गाठ आहे, केमोच्या दोन सायकल झाल्या आहेत, केस गेले, तोंडाची चव गेली, बँकेतली ठेव मोडून झाली. हे सगळे ज्या औषधासाठी चालले आहे ते लागू पडते आहे की नाही? इथे थर्मामीटर कोणता?

तुम्ही म्हणाल, स्कॅन! आधीचा स्कॅन, नंतरचा स्कॅन, गाठ किती लहान झाली ते बघायचे. बरोबर. पण किती लहान झाली म्हणजे "लहान झाली" म्हणायचे? आणि ते कुणी ठरवले? गेले काही महिने मी यावर जे मिळेल ते वाचते आहे. (माझे बी.ए. मराठी माध्यमातले. इंग्रजी लेख वाचताना शेजारी शब्दकोश लागतो. पण निवृत्त माणसाला वेळेचा काय तोटा!) माझी भाची अमेरिकेत याच क्षेत्रात संशोधन करते. अडले की तिला विचारते.

तर ही गोष्ट सुरू होते १९७६ साली, आणि चक्क एका गादीवर.

मेयो क्लिनिकचे चार्ल्स मोर्टेल आणि संख्याशास्त्रज्ञ जेम्स हॅन्ली यांनी एक गंमत केली. त्यांनी लहानमोठ्या आकाराचे १२ गोळे घेतले, मऊ गादीवर मांडले आणि वर फोमचा थर पसरला. मग १६ अनुभवी कॅन्सरतज्ज्ञांना बोलावून सांगितले, रोग्याची गाठ तपासता तसे हे चाचपा आणि मोजा. त्या काळी पोटातल्या गाठी अशाच हाताने चाचपून, पट्टी किंवा कॅलिपर लावून मोजत. गोळ्यांत काही सारख्याच आकाराचे होते, ते मात्र डॉक्टरांना सांगितले नव्हते. एकाच मापाच्या दोन गोळ्यांची मापे वेगळी आली की समजायचे, ही हाताची चूक. एखाद्या रोग्याच्या बाबतीत हीच चूक झाली असती तर गाठ न बदलताच "गाठ कमी झाली" असे कागदावर आले असते.

आणि तसेच झाले. "गाठ पाव हिश्शाने कमी झाली की औषध लागू पडले" असे धरले, तर चार-पाच वेळांत एकदा न बदललेला गोळासुद्धा "बरा" होत होता. "निम्म्याने कमी" असे धरले की ही चूक शंभरात सात-आठांवर येत होती. लांबी गुणिले रुंदी निम्मी झाली तरच औषधाचा परिणाम मानायचा, ही निम्म्याची अट पुढे जागतिक आरोग्य संघटनेच्या १९७९ च्या नियमांतही आली.

२००० साली नवे नियम आले, त्यांना रेसिस्ट म्हणतात. लांबी-रुंदी दोन्ही मोजण्याऐवजी फक्त सर्वांत लांब व्यास मोजायचा, ठरावीक गाठींच्या व्यासांची बेरीज करायची, आणि ती ३० टक्क्यांनी घटली तर औषध लागू पडले म्हणायचे. २० टक्क्यांनी वाढली तर रोग वाढला. दोहोंच्या मध्ये काहीही असले तर "स्थिर". ३० च का? मी पाचवीच्या वर्गाला शिकवल्यासारखा गुणाकार करून पाहिला. ०.७ गुणिले ०.७ बरोबर ०.४९. म्हणजे पुन्हा तेच निम्मे! २००९ साली या नियमांत सुधारणा झाली, जास्तीत जास्त पाच गाठी आणि एका अवयवातल्या दोनच मोजायच्या असे ठरले, पण ३० टक्के तसेच राहिले.

मला हे वाचून बराच वेळ काही सुचले नाही. सीटी स्कॅन मिलिमीटर दाखवतो, आणि आपण निकाल लावतो तो फोमखाली बोटांनी चाचपलेल्या गोळ्यांच्या हिशोबाने! ती अट रोगी किती जगतो यावरून आलेली नव्हती, बोटे किती चुकतात यावरून आलेली होती. आणखी एक गुणाकार करा. गाठ गोल धरली आणि व्यास २९ टक्क्यांनी घटला, तर आकारमान ६४ टक्क्यांनी घटते. जवळपास दोन तृतीयांश गाठ नाहीशी झाली, तरी कागदावर शेरा काय? स्थिर.

हे सगळे मी का वाचते आहे ते सांगते. माझ्या धाकट्या बहिणीला २००९ साली स्तनाचा कॅन्सर निघाला. आधी केमोने गाठ लहान करायची आणि मग ऑपरेशन, असे ठरले. पहिला एमआरआय एका ठिकाणी झाला, दुसरा दुसऱ्या ठिकाणी, कारण पहिल्या ठिकाणी तारीख मिळेना. पहिल्या रिपोर्टात ४.२ सेंटिमीटर, दुसऱ्यात ३.९. तिच्या यजमानांनी त्या संध्याकाळी पेढे आणले. तीन मिलिमीटरचे पेढे. दोन्ही ठिकाणी माप एकाच दिशेने घेतले होते का, एकाच पद्धतीने घेतले होते का, हे त्या कागदांवर कुठेच नव्हते आणि विचारल्यावर कुणी धड सांगितलेही नाही. दोन महिन्यांनी डॉक्टरांनी हाताने तपासून सांगितले की या औषधाचा उपयोग होत नाही, बदलू या. औषध बदलले, ऑपरेशन झाले. ती २०१२ च्या पावसाळ्यात गेली. ते दोन महिने वाचले असते तर ती वाचली असती असे मी म्हणणार नाही, तसे म्हणायला मला आधार नाही. पण ज्या औषधाने काही होत नव्हते त्याच्या उलट्या तिने दोन महिने काढल्या, एवढे मात्र मी डोळ्यांनी पाहिले.

असो. विषयाकडे येते.

आकार मोजणे हेच मुळात पुरेसे नाही, हे एका गोळीने दाखवून दिले. जठरात किंवा आतड्यात होणारी जिस्ट नावाची एक गाठ असते. साध्या केमोला ती दाद देत नसे. २००० साली फिनलंडमध्ये एका बाईंना इमॅटिनिब, म्हणजेच ग्लिव्हेक, देऊन पाहिले. (याच ग्लिव्हेकच्या पेटंटचा खटला आपल्या सर्वोच्च न्यायालयात २०१३ साली निकाली निघाला, तो आठवत असेल.) पेट स्कॅनमध्ये किरणोत्सारी साखर टोचतात आणि हावरी गाठ ती ओढून घेते, म्हणून चित्रात उजळते. औषध सुरू झाल्यावर महिनाभरात त्या बाईंच्या गाठीतला तो उजेड विझला. पुढे अनेक रोग्यांत दिसले की गाठ आतून मरते, पण बाहेरून आकार तेवढाच राहतो, कधी वाढतोसुद्धा. फूटपट्टी म्हणणार, औषध फुकट गेले! शेवटी २००७ साली ह्यूस्टनच्या तज्ज्ञांनी या गाठीसाठी निराळे माप सुचवले. व्यास १० टक्क्यांनी घटला किंवा सीटीवरची घनता १५ टक्क्यांनी घटली, तरी औषध लागू पडले समजायचे.

मग सगळ्यांचा पेट स्कॅनच का करू नये? पहिले कारण, ती साखर फार काळ टिकत नाही. ११० मिनिटांत तिचा किरणोत्सार निम्मा होतो, त्यामुळे ती बनवणारे सायक्लोट्रॉन जवळपास लागते. आपल्याकडे पहिले वैद्यकीय सायक्लोट्रॉन परळला आले तेच २००२ साली. दुसरे कारण जास्त महत्त्वाचे. पेटवरचा आकडा रोग्याच्या रक्तातल्या साखरेवर, टोचल्यावर किती वेळ थांबलात त्यावर, यंत्रावर आणि संगणकातल्या आज्ञावलीवर बदलतो. आजचा आकडा आणि सहा आठवड्यांनंतरचा आकडा यांची तुलना करायची तर या सगळ्या गोष्टी सारख्या हव्यात. नाहीतर पुन्हा तीन मिलिमीटरचे पेढे.

इथे पैशाचा प्रश्न येतो. औषध कंपनी औषधावर खर्च करते, कारण ते विकायचे असते. यंत्र कंपनी यंत्रावर करते. पण दहा कंपन्यांच्या यंत्रांवर सारखेच माप यावे यासाठी कोण खर्च करणार? त्यात कुणाचाच फायदा नाही. दानशूर मंडळीही इमारत देतात, यंत्र देतात, त्यावर आईवडिलांच्या नावाची पाटी लावता येते. मोजपट्टीवर पाटी कुठे लावणार? माझ्या लहानपणी शेर-छटाक जाऊन किलो-ग्रॅम आले तो खर्च सरकारनेच केला होता. आजही भाजीवालीच्या काट्यावर वैधमापन खात्याचा शिक्का लागतो. स्कॅनच्या यंत्राची सुरक्षितता आणि चित्राचा दर्जा तपासतात, ते ठीकच आहे. पण त्या चित्रावरून दोन संगणकांनी गाठीचा एकच आकडा काढला की नाही, हा वेगळा प्रश्न आहे आणि त्याला सरकारी पैसाच लागतो.

अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने २००८ साली नेमक्या याच कामासाठी एक योजना सुरू केली, क्वांटिटेटिव्ह इमेजिंग नेटवर्क. वेगवेगळ्या विद्यापीठांतल्या गटांना अनुदान द्यायचे, त्यांनी कॅन्सरच्या उपचाराचा परिणाम मोजायची साधने तयार करायची, आणि अट अशी की एकट्याने काम करायचे नाही, एकमेकांची साधने एकमेकांच्या चित्रांवर पडताळायची. दशकाहून अधिक काळ हे काम चालले. मला यातला एक प्रयोग फार आवडला, कारण तो थेट आमच्या दहावीच्या पेपर तपासणीसारखा आहे.

स्तनाच्या कॅन्सरच्या १० रोग्यांचे एमआरआय घेतले, केमोच्या आधीचे आणि पहिल्या सायकलनंतरचे. डाय टोचल्यावर तो रक्तातून गाठीत किती वेगाने झिरपतो हे या चित्रांवरून मोजता येते. हीच चित्रे १२ वेगवेगळ्या आज्ञावल्यांना दिली. गाठ कुठली तेही आखून दिले. एकच उत्तरपत्रिका, बारा परीक्षक! २०१४ साली निकाल छापून आला. बारा जणांच्या आकड्यांत भरपूर तफावत होती. पण आधीच्या आणि नंतरच्या चित्रांत किती टक्के फरक पडला हे पाहिले तर एकमत बरेच वाढत होते, आणि कुणाला औषध लागू पडते आहे हे जवळजवळ सगळ्या आज्ञावल्या पहिल्या सायकलनंतरच बऱ्यापैकी ओळखत होत्या. बोर्डाचे पेपर तपासलेल्या कुणालाही हे पटेल. एक परीक्षक हात आखडून गुण देतो, दुसरा सढळ. पण पोरगे चाचणीपेक्षा सहामाहीत सुधारले का, हे दोघेही ओळखतात. मात्र दोन्ही पेपर एकाच परीक्षकाकडे गेले पाहिजेत. चाचणी एकाने आणि सहामाही दुसऱ्याने तपासली तर काही कळत नाही. माझ्या बहिणीचे दोन एमआरआय दोन ठिकाणी झाले होते.

दहाच रोगी, हे थोडे आहेत, मान्य. पण मोठी चाचणीही झाली. २०१० साली सुरू झालेल्या आय-स्पाय २ या चाचणीत ऑपरेशनपूर्वी केमो घेणाऱ्या बायकांचे एमआरआय ठरावीक टप्प्यांवर, ठरावीक पद्धतीने घेतले. सॅन फ्रान्सिस्कोच्या नोला हिल्टन यांनी गाठीचा व्यास न धरता जिवंत गाठीचे आकारमान मोजायची पद्धत बसवली होती, ती इथे वापरली. पुढच्या टप्प्यात तर एमआरआय आणि बायोप्सी बघून उरलेली केमो टाळून लवकर ऑपरेशन करायची सोयही ठेवली. याने आयुष्य किती वाढते हा प्रश्न अवघड आहे आणि नुसत्या चित्रांनी सुटणारा नाही. पण नको असलेली केमो टळणे हेही मला लहान वाटत नाही.

या पैशातून आणखी एक चांगली गोष्ट झाली. नावे काढून टाकलेल्या हजारो रोग्यांची चित्रे कॅन्सर इमेजिंग आर्काइव्ह या संग्रहात ठेवली आहेत, जगातल्या कुणालाही फुकट. आपल्याकडेही कोलकात्याच्या टाटा मेडिकल सेंटरने आणि खरगपूरच्या आयआयटीने मिळून असा संग्रह उभारला आहे. आपल्या गाठी आपल्या यंत्रांवर मोजायच्या तर आपली चित्रे हवीतच.

२०२५ साली अमेरिकन सरकारने आरोग्य संशोधनाच्या निधीत मोठी कपात सुचवली, तेव्हा भाची काळजीत होती. "मावशी, नवे औषध म्हटले की लोक कान टवकारतात, मोजमाप म्हटले की जांभई देतात," ती म्हणाली. कपात करायची वेळ आली की आधी जांभईवाली कामे जातात, हे मी शाळेच्या अंदाजपत्रकात तीस वर्षे पाहिले आहे. प्रयोगशाळेचे तराजू दुरुस्त करायला कधी पैसे नसत आणि स्नेहसंमेलनाच्या मांडवाला नेहमी असत.

तिचा नवा अर्ज गेला आहे, निकाल यायचा आहे. त्यात गादीवरच्या गोळ्यांची गोष्ट घातलीस का, असे मी विचारले. म्हणाली, बारा पानांची मर्यादा असते गं मावशी, जागाच उरली नाही.