गोष्टीचे बी

उन्हाळी सुट्टीतला लेखनप्रकल्प आणि शाळेतला निबंध यांत मोठा फरक आहे. निबंधाचा विषय फळ्यावर लिहून मिळतो आणि तास संपेपर्यंत तो उरकायचा असतो. प्रकल्पाला सबंध मे महिना आणि जूनचे पहिले काही दिवस हाताशी असतात. मात्र काय लिहायचे ते लिहिणाऱ्यानेच शोधून आणायचे असते. राहुरीत एका घराच्या पडवीत भरणाऱ्या अशा वर्गासोबत प्रस्तुत लेखकाने एक उन्हाळा काढला. सहावी ते नववीची अकरा मुले, वेळ सकाळी सात ते नऊ. नऊनंतर वरचा पत्रा तापायला लागे आणि कोणाला काही सुचत नसे. पुढचे विवेचन मुख्यतः त्या पडवीतले आहे.

मुलांच्या पहिल्या कल्पना बहुधा उसन्या असतात. अकरापैकी सात गोष्टी मुंबईत घडत होत्या. त्या सात जणांपैकी मुंबई पाहिलेली एकच मुलगी होती, तीही लग्नाला गेलेली. खजिन्याचा नकाशा, बिघडलेला रोबो, कोट्यधीशाचा खून, उडती तबकडी. यात गैर काही नाही, लिहिणारा प्रत्येक जण आधी वाचलेले आणि पाहिलेलेच लिहितो. अडचण येते ती तिसऱ्या पानावर. खुनी सापडतो आणि मुलाजवळची सामग्री संपते, कारण कोट्यधीशाच्या घरी सकाळी दूध कोण घेते, हेही त्याला ठाऊक नसते.

यावर शिकवणारे जो उपाय करतात तो बहुतेक वेळा फसतो, आणि तो प्रस्तुत लेखकानेही केला. ‘आपल्या परिसरावर लिहा’ असे सांगून फळ्यावर नावे लिहिली: मुळा धरण, कृषी विद्यापीठ, साखर कारखाना, शनिशिंगणापूर. दुसऱ्या दिवशी वह्यांत भूगोल उतरला. बारागाव नांदूरजवळच्या धरणाची क्षमता २६ टीएमसी असून जलाशयाला ज्ञानेश्वरसागर म्हणतात; महात्मा फुले कृषी विद्यापीठ १९६८ साली स्थापन झाले. सगळे बरोबर होते, आणि गोष्ट एकही नव्हती. परिसराचे नाव घेतले की मुलांना आपोआप परीक्षेची भाषा सुचते.

विषय आणि कल्पना यांतला फरक इथे स्पष्ट करावा लागतो. ‘पाणी’ हा विषय झाला. कालव्याला उन्हाळी आवर्तन सुटले आहे, रात्री दोनला पाळी आहे, वडील दवाखान्यात आहेत, दारे धरायला आठवीतली मुलगी एकटीच बॅटरी घेऊन निघाली आहे आणि वरच्या अंगाला चुलत्याने चारी फोडून पाणी आपल्या उसाकडे वळवले आहे, ही कल्पना झाली. मुलीला काहीतरी हवे आहे आणि ते मागायचे कोणाकडे, तर ज्याच्या मांडीवर ती वाढली त्याच्याकडे. धरणाची क्षमता इथे कोणी विचारत नाही. पाणी किती वेळ पुरेल आणि पुढच्या आवर्तनापर्यंत घास जगेल का, एवढेच महत्त्वाचे ठरते.

म्हणून वर्गात प्रत्येक कल्पनेला तीन प्रश्न विचारायचे ठरले. कोणाला काय हवे आहे? आड काय येते? आणि हे तुला कसे माहीत? पहिले दोन कथालेखनाच्या कुठल्याही पुस्तकात सापडतील. खरे काम केले तिसऱ्याने.

बिबट्याच्या गोष्टीचे उदाहरण घेता येईल. राहुरी तालुक्यात उसामुळे बिबट्याला बारमाही आडोसा मिळतो, त्यामुळे बिबट्याची गोष्ट लिहिणारे मूल इथे निघतेच. सातवीतल्या एका मुलाच्या नायकाने कुऱ्हाडीने बिबट्या लोळवला होता. ‘तुला कसे माहीत?’ असे विचारल्यावर कळले की त्याने बिबट्या पाहिलेलाच नाही, फक्त चिखलातला ठसा पाहिला आहे. पण ठसा दिसल्यापासून आई अंधार पडल्यावर शेळ्यांच्या खोपटाकडे एकटी जात नाही, आजोबा ताट वाजवत परसाकडे जातात आणि वस्तीवरच्या चार पोरांनी शाळेला एकत्रच चालायचे, असा घरचा हुकूम आहे. त्या चारांतल्या एकाशी याची दिवाळीपासून कट्टी. रोज दोन किलोमीटर, उसाच्या कडेने, ज्याच्याशी बोलायचे नाही त्याच्या शेजारून! कुऱ्हाड वहीतून गेली, बिबट्याही जवळजवळ गेला, आणि गोष्ट नऊ पानांची झाली.

स्वतःच्या माहितीची हद्द ओळखणे दुसऱ्याच्या आयुष्यावर लिहिताना अधिक अवघड असते. एका मुलीला ऊसतोड कामगारांवर लिहायचे होते. पहिला खर्डा दयेने ओथंबलेला, वर्तमानपत्री होता. तिला प्रत्यक्षात माहीत होती ती शेजारच्या रानातल्या कोप्यांतली एक मैत्रीण. नवरा-बायकोच्या जोडीला ‘कोयता’ म्हणतात, हा शब्द तिने त्या मैत्रिणीकडून ऐकला होता. गाळप संपले, टोळी गावाकडे परतली आणि मैत्रिणीची कंपासपेटी हिच्याकडे राहिली. पुढच्या हंगामात मुकादम टोळी कोणत्या कारखान्याला नेईल, हे कोण सांगणार? गोष्ट मग कंपासपेटीची झाली. शेवट तिला सुचत नव्हता, आणि तो सुचवण्याचा मोह प्रस्तुत लेखकाने कसाबसा आवरला.

ज्यांच्याजवळ स्वतःचे काही नाही असे वाटते, त्यांच्यासाठी दुसरा मार्ग ऐकण्याचा. याला राहुरी तालुक्यातच जुना दाखला आहे. ताहाराबादचे महिपती (१७१५–१७९०) गावचे कुलकर्णीपण सोडून संतचरित्रे लिहू लागले. १७६२ साली पूर्ण झालेल्या ‘भक्तविजया’त त्यांनी आपण मनाचे काही रचलेले नाही, असे सांगून नाभाजी आणि उद्धवचिद्घन या आधीच्या चरित्रकारांचे ऋण उघडपणे मान्य केले आहे. दुसऱ्याकडून गोष्ट घेतली म्हणजे कॉपी झाली, अशी मुलांची समजूत असते; कोणाकडून घेतली हे सांगून ती आपल्या तऱ्हेने मांडणे हे किती जुने काम आहे, हे महिपतींमुळे त्यांना समजावता आले. काही काळ राहुरीत राहिलेल्या लक्ष्मीबाई टिळकांचाही उल्लेख झाला. शाळेचे तोंड न पाहिलेल्या या बाईंचे ‘स्मृतिचित्रे’ १९३४ पासून भागाभागाने प्रसिद्ध झाले. त्यातले घरगुती गोंधळ वाचून दाखवल्यावर ‘हे पण लिहितात?’ असे आठवीतल्या एका मुलाने विचारले. त्या उन्हाळ्यातला हा सर्वांत उपयोगी प्रश्न म्हणावा लागेल.

मात्र ऐकण्यासाठी विचारताही यावे लागते. ‘तुमच्या काळी कसे होते?’ असे विचारले की आजी-आजोबा भाषण देतात. प्रश्न एका वस्तूवर किंवा एका दिवसावर ठेवला की गोष्ट निघते. धरणात गाव गेलेल्या एका घरातल्या मुलाने आजीला विचारले, ‘बैलगाडीत आधी काय ठेवले?’ आजी म्हणाली, दाराची चौकट. भिंती मातीच्या, त्या तिथेच राहिल्या. चौकट सागाची होती, ती उपटून आणली. शनिशिंगणापूर इथून जवळच, तिथल्या घरांना पूर्वापार चौकटी असतात पण दारे नसतात. त्या मुलाला दोन्ही गोष्टी एकदम आठवल्या आणि नव्या जागी घर उभे राहीपर्यंत उघड्या माळावर नुसत्या चौकटीतून ये-जा करणारे एक कुटुंब त्याने लिहिले. माणसे बाजूने जाऊ शकत होती, तरी जात नव्हती. इतकी चांगली कल्पना सुचवणे कोणा शिकवणाऱ्याला जमले नसते.

निवडीची रीत साधी ठेवली होती. प्रत्येकाने तीन कल्पना आठवडाभर सांभाळायच्या आणि रोज वेगळ्या सोबत्याला तोंडी सांगायच्या. ऐकणाऱ्याने जिथे ‘मग?’ म्हटले तिथे खूण करायची, जांभई दिली तर तेही टिपायचे. एका मुलाचा रोबो या चाचणीत टिकला. तो मुंबईतून राहुरीला आला होता, आणि शेतीपंपाची लाईट फक्त रात्री मिळत असल्याने त्याला चार्जिंगसाठी दिवसभर विहिरीवर बसून राहावे लागत होते.

अकरापैकी नऊ वह्या पुऱ्या झाल्या. दहावी वही शाळा सुरू झाल्यानंतर आली. ती ज्याची, तो मुलगा वर्गाचे शेवटचे दोन दिवस गैरहजर होता. खरीप कांद्याचे बी घ्यायला वडिलांबरोबर विद्यापीठात रांगेला गेला होता. वहीत गोष्ट नव्हती. रात्री रांगेत जागा धरण्यासाठी लोकांनी काय काय ठेवले होते, त्याची यादी होती: चपला, वीट, रिकामी गोणी, पाण्याची बाटली, एक हेल्मेट. सकाळी खिडकी उघडली तेव्हा हेल्मेटच्या मागचे सगळे थांबून राहिले, कारण हेल्मेटचा माणूस आलाच नव्हता.