नागपूर ते चिखलदरा : उजवीकडचे ऊन आणि काढघालीच्या जाळ्या

मे महिन्यात विदर्भातून प्रवास करावयाचा तर प्रथम सूर्याचा विचार करावा लागतो, रस्त्याचा नंतर. नागपूरहून चिखलदऱ्याला जाताना आमच्या फोर बाय फोर गाडीत मागच्या आसनावर ब्याऐंशी वर्षांची आई असते. उंच बांधणीच्या या गाड्यांना रस्त्याचे भय नाही. मात्र त्यांच्या काचा मोठ्या असतात आणि तेवढे ऊन आत येते. म्हणून दोन वर्षांपूर्वी काढघाल करता येणाऱ्या जाळीच्या सनशेड बसवून घेतल्या.

या वाटेची एक गंमत आहे. सकाळी नागपूर सोडले की कोंढाळीपासून मोझरीच्या गुरुकुंजापर्यंत गाडी पश्चिमेकडे धावते आणि सूर्य पाठीशी राहतो. अमरावतीनंतर परतवाड्याचा रस्ता उत्तरेकडे वळतो, तेव्हा दहा-अकराचे ऊन थेट उजव्या बाजूने येते. परतताना दिशा उलटी, पण वेळही उलटी. मावळतीचे ऊन पुन्हा उजव्याच बाजूला! म्हणजे या टप्प्यावर वृद्धांची जागा जाता-येता डावीकडेच हवी. डावे दार रस्त्याच्या कडेला उघडते, त्यामुळे उतरणेही सुरक्षित होते. निघण्यापूर्वी नकाशावर दिशा आणि घड्याळ अशी सांगड घालून पाहावी. निम्मे काम तिथेच होते.

उरलेले निम्मे काम जाळीचे. समोरची काच दोन थरांची असते व ती अतिनील किरण बहुतांशी अडवते. बाजूच्या काचा मात्र साध्या कडक काचेच्या असतात. त्वचा लाल करणारे किरण त्या रोखतात, पण खोलवर जाणारे ‘अ’ गटातील अतिनील किरण त्यांतून बऱ्याच प्रमाणात आत येतात. हृदयाची लय राखणारे अमिओडॅरोन, लघवी वाढविणाऱ्या काही गोळ्या, डॉक्सिसायक्लिनसारखी प्रतिजैविके घेणाऱ्यांची त्वचा उन्हाला अधिक हळवी होते. त्यात उतारवयात तहान कमी लागते व घामही कमी येतो. मोतीबिंदू असलेल्यांना तिरप्या उन्हाची चकाकी असह्य होते, ती वेगळीच.

बाजारात प्रकार बरेच. रबरी चोषकांनी चिकटणारी जाळी स्वस्त, पण उन्हात रबर ताठरले की ती भर रस्त्यात मांडीवर पडते. काचेला आपोआप चिकटणारी पातळ जाळी लावण्यापूर्वी काच ओल्या फडक्याने पुसून कोरडी करावी. धूळ असेल तर ती तासभरही टिकत नाही. दाराला बाहेरून मोज्यासारखा चढणारा कापडी प्रकार उष्णता सर्वांत चांगली अडवतो, कारण ऊन काचेपाशी पोहोचण्यापूर्वीच थांबते. खिडकी उघडली तरी तो जागेवर राहतो. मात्र महामार्गाच्या वेगाला फडफडतो.

आम्ही निवडली ती चुंबकाने चौकटीला बसणारी, गाडीच्या मापाची जाळी. घेण्यापूर्वी घरातले एखादे चुंबक दाराच्या चौकटीवर फिरवून पाहावे. काही गाड्यांत तिथे प्लास्टिकचे आच्छादन असते आणि मग चुंबक धरत नाही. जाळी आधी वरच्या कोपऱ्यात टेकवावी आणि मग खाली सोडावी. छताच्या कडेला पडद्यासारख्या एअरबॅग असतील तर तेथे कडक दांडी, आकडे वा गुंडाळी लावू नये. मागच्या काचेवर दव घालविणाऱ्या तारा असतात. तिथे डिंकाचे काही चिकटवू नये.

पेसमेकर असलेल्यांसाठी एक खास सूचना. तो बहुधा छातीच्या डाव्या बाजूला असतो, आणि आपण त्यांना बसविणार डाव्या दाराशी! चुंबक छातीपासून वीतभर दूर असले की चिंता नाही. पण झोपेत दारावर रेलणाऱ्या किंवा जाळी काढून छातीशी धरणाऱ्या माणसाचा भरवसा कोणी द्यावा? अशा घरांनी बिनचुंबकी प्रकार घेतलेला बरा.

कायद्याचेही भान हवे. नियमानुसार पुढच्या-मागच्या काचेतून किमान 70 टक्के आणि बाजूच्या काचांतून 50 टक्के प्रकाश आरपार गेला पाहिजे. 2012 साली सर्वोच्च न्यायालयाने काळ्या फिल्मला मनाई केली. जाळीलाही पोलीस हरकत घेऊ शकतात. तेव्हा वाद न घालता ती काढून मांडीवर ठेवावी, काढघालीची सोय त्यासाठीच आहे. चालकाच्या व त्याच्या शेजारच्या खिडकीवर मात्र काहीही लावू नये, कारण आरसे तिथूनच दिसतात.

परतवाड्याला थांबून आम्ही जाळ्या उतरवितो. पुढचा सुमारे तीस किलोमीटरचा घाट मेळघाटच्या सागवनातून वळणे घेत चढतो. बाहेरचे दिसेनासे झाले की वयस्कांना हटकून मळमळते. डोळ्यांना दूरचा डोंगर दिसत राहिला तर वळणे सोसतात. इथेच पाणी, ताक वा सरबत व्हावे. ज्यांना हृदयविकार वा मूत्रपिंडाच्या विकारामुळे पाणी-मीठ मोजून दिले जाते, त्यांचे प्रमाण निघण्यापूर्वी आपल्या डॉक्टरांकडून ठरवून घ्यावे.

चिखलदरा सुमारे 1,100 मीटर उंचीवर आहे. 1803 साली इंग्रजांनी घेतलेला गाविलगड, भीमाने कीचकाला लोटले अशी ज्याची कथा सांगतात ते भीमकुंड आणि थोडीशी कॉफीची लागवड, असा हा थंड टापू. हवेतला गारवा फसवा असतो. किल्ला पाहायला जाताना जाळ्या लावून आजोबांना गाडीत ‘जरा विसावू द्या’ असे पुष्कळजण म्हणतात. बंद गाडी जाळी असूनही काही मिनिटांत तापते, म्हणून एक माणूस त्यांच्यासोबत झाडाखाली बसलेला असावा. आमच्याकडे ही पाळी नातवंडे आपसात ठरवितात, आणि आई त्यांच्याकडून पत्त्यांचा डाव हमखास जिंकते.

परतीला दुपारी चारनंतर निघावे, आणि घाट उतरल्यावर परतवाड्यालाच जाळ्या पुन्हा चढवाव्यात. उजव्या खिडकीची आधी.