काढलेला गडी

आमच्या मासवण नाक्यावरच्या सलूनमध्ये दाढी दहा मिनिटांत होते, पण माणूस उठतो तासाभराने. उरलेला वेळ वादाचा. बाहेर पालघर-मनोर रस्त्याने एस.टी. येते, जाते, आत क्रिकेट असते, निवडणूक असते आणि चार वर्षांतून एकदा फुटबॉल. आमच्यापैकी कोणी बूट घालून फुटबॉल खेळलेला नाही. पण संघ कसा निवडावा हे सर्वांना ठाऊक!

18 डिसेंबर 2022, रविवार. अर्जेंटिना आणि फ्रान्सचा अंतिम सामना रात्री साडेआठला. आरशाला मोबाइल टेकवून आम्ही दहाबाराजण बसलो होतो. मी अकरावीत. घरात दहावीपुढे गेलेला पहिलाच, म्हणून नियम सांगण्याचा मान माझा. (ते मी आदल्या रात्री वाचून ठेवत असे, हे आज कबूल करतो.) बाबाही आले होते. बोईसरच्या एका कारखान्यात ठेकेदाराच्या हाताखाली अकरा वर्षे काढल्यावर त्या दिवाळीनंतर त्यांना गेटवरूनच परत पाठवले होते. तेव्हापासून ते फारसे बोलत नसत.

अर्जेंटिना 2-0 ने पुढे. 41व्या मिनिटाला फ्रान्सच्या देशाँने जिरू आणि देंबेले दोघांनाही बाहेर घेतले आणि सलून पेटले. "मध्यंतरापर्यंत तरी थांबायचं!" "का थांबायचं? देंबेलेनंच पेनल्टी दिली ना!" बाबा गप्प. मग 64व्या मिनिटाला स्कालोनीने डी मारियाला काढले. ज्याने ती पेनल्टी मिळवली, दुसरा गोल केला, गोल करून ज्याचे डोळे भरून आले, त्यालाच.

"याची काय चूक?" बाबा म्हणाले.

"दमला असेल, काका. आता बचाव पक्का करायचा."

"दमलो, असं तो बोलला का?"

कोणाला उत्तर सुचले नाही. 80व्या आणि 81व्या मिनिटाला एम्बापेने दोन गोल केले आणि स्कालोनी एकमताने मूर्ख ठरला. पुढे 3-3 होऊन पेनल्टींवर अर्जेंटिना 4-2 ने जिंकली, तेव्हा तोच शहाणा! देशाँचेही तसेच. त्याने आत आणलेल्या कोलो मुआनीनेच पेनल्टी मिळवून सामना फिरवला. त्यानेच शेवटच्या घटकेला समोर फक्त गोलरक्षक असताना चेंडू त्याच्या पायावर मारला. तो गोल झाला असता तर आम्ही त्या रात्री कोणाचे गोडवे गायले असते?

घरी परतताना सूर्या नदीवरून गार वारा येत होता. बाबांनी विचारले, "जादा वेळात तरी त्याला परत घेता आलं असतं ना?"

"नाही. फुटबॉलात एकदा काढलेला गडी त्या सामन्यात परत येत नाही."

बाबा तरुणपणी कबड्डी खेळत. "आपल्यात तर बाद झालेला पण उठतो," ते म्हणाले. "आणि याला बाद तरी कोणी केला होता?"

मला नियम माहीत होता, एवढेच. मी तो पुन्हा सांगितला नाही.

जुलै 2024 मध्ये अर्जेंटिनाने कोपा अमेरिका जिंकली. देशासाठी डी मारियाचा तो शेवटचा सामना. मी तेव्हा एफ. वाय.ला होतो. बाबा आता बोईसरलाच टेम्पोवर माल चढवायला जातात. रविवारी सलूनमध्ये येतात. मी बातमी वाचून दाखवली तेव्हा ते फेस लावून बसले होते.

"या वेळी किती ठेवला त्याला?"

"जादा वेळ संपत आला तोपर्यंत."

"हां," म्हणाले, आणि वस्तऱ्यासाठी मान वर केली.