नव्या चुलीचं पहिलं तिकीट

घरातलं एखादं जुनं पितळेचं भांडं उजेडात धरून बघा. काठाखाली नाव कोरलेलं दिसेल. बहुधा आजोबांचं किंवा पणजोबांचं. घराची वाटणी होते, एका चुलीच्या तीन चुली होतात, तरी तिन्ही घरांत त्याच नावाची भांडी वापरात असतात. मग कधीतरी नाव घालणारा गावात येतो आणि घरधनीण त्याच्याकडून जुन्या नावाखाली नवं नाव घालून घेते. भांडं तेच, नाव मात्र दोन.

मी पोस्टाची तिकिटं जमवतो. साठ वर्षं झाली या नादाला. त्यातही माझा नाद एकाच जातीच्या तिकिटांचा आहे: कुठल्याही देशानं किंवा राज्यानं काढलेलं अगदी पहिलं तिकीट. भांड्यांचा आणि तिकिटांचा काय संबंध, असं तुम्ही म्हणाल. संबंध आहे, आणि तोच आज सांगायचा आहे.

आमचं गाव मराठवाड्यातलं. आमच्या लहानपणी गावचं पोस्ट गुरुजींच्या पडवीत होतं. एक लाकडी पेटी, एक शिक्का, एक तराजू, एवढाच बारदाना. पुढं कधीतरी आजोबांचं दप्तर उघडलं, तेव्हा खरेदीखतं आणि पावत्यांत निजामाच्या राज्याचं तिकीट लावलेलं एक पाकीट सापडलं. गुरुजी म्हणाले, "अरे, आपला मुलूख तेव्हा हैदराबाद संस्थानात होता, आणि संस्थानाचं टपाल वेगळं होतं." संस्थानाचं पहिलं तिकीट १८६९ सालचं, एक आण्याचं. पुढच्या जुन्या तिकिटांवर फारसी, इंग्रजी आणि तेलुगूबरोबर आपली देवनागरी अक्षरंही असत. १९४८ साली संस्थान भारतात सामील झालं आणि नंतर ती तिकिटं बंद झाली. राज्य गेलं, पण त्याची खूण आजोबांच्या दप्तरात राहिली. त्या दिवसापासून मला वाटू लागलं, की प्रत्येक राज्याची पहिली खूण बघायला मिळाली तर किती बरं होईल!

या सगळ्याची सुरुवात इंग्लंडात झाली. त्यापूर्वी तिथं पत्राचे पैसे बहुधा घेणाऱ्यानं द्यायचे असत. अंतर किती आणि कागद किती, त्यावर दर ठरायचा. गरीब माणूस पत्र हातात घेई, वरून बघे आणि परत देई. रोलंड हिल नावाचे एक गृहस्थ होते, आधी शाळामास्तर होते. त्यांनी १८३७ साली पुस्तिका काढून मांडलं, की पैसे पाठवणाऱ्यानं आधी भरावेत, दर अंतरावर नव्हे तर वजनावर असावा, आणि तो गरिबाला परवडावा. त्यातून १८४० सालच्या मे महिन्यात एका पेनीचं काळं तिकीट निघालं. व्हिक्टोरिया राणीचा मुखवटा आणि खाली किंमत, बस्स. देशाचं नावच नाही! जगात दुसऱ्या कुणाचं तिकीटच नव्हतं, मग नाव कशाला घालायचं? त्या मानापोटी ब्रिटन आजही आपल्या तिकिटावर देशाचं नाव घालत नाही.

हे तिकीट पहिलं असलं तरी सगळ्यांत दुर्मिळ नाही, बरं का. ते पावणेसात कोटींच्या आसपास छापलं गेलं. दुर्मिळ बघायचं तर मॉरिशसकडं जावं लागेल. त्या बेटावर उसाच्या मळ्यांत राबायला आपल्याकडची माणसं गेली, त्यांत मराठी माणसंही होती. त्यांचे वंशज आजही स्वतःला मराठी म्हणवतात. त्या बेटानं १८४७ साली पहिली तिकिटं काढली, एक पेनीचं आणि दोन पेनीचं. प्रत्येकी फक्त पाचशे. त्या हजारांतली आज सत्तावीसच ठाऊक आहेत. त्यांतली एक पेनीची दोन तिकिटं लावलेलं एक पत्र १८५० साली मुंबईला आलं होतं. ते पाकीट पुढं १८९७ साली हिंदुस्थानातल्या एका बाजारात सापडलं, असा त्याचा इतिहास आहे. रद्दीत काय पडलेलं असेल, याचा नेम नसतो.

आपल्याकडचं पहिलं तिकीट सिंधमध्ये निघालं. सिंध तेव्हा मुंबई इलाख्यात होता. तिथले कमिशनर बार्टल फ्रेअर यांनी १ जुलै १८५२ रोजी अर्ध्या आण्याचं तिकीट सुरू केलं. आशिया खंडातलं हे पहिलं तिकीट. त्याचा एक प्रकार तर लाल लाखेच्या चकतीचा होता. लाखच ती, प्रवासात तडकायची. मग कागदावर ठसा उठवून पांढरी आणि निळी काढली. दोन वर्षांनी, १८५४ साली, कलकत्त्यात सगळ्या देशासाठी तिकिटं छापली. पाव तोळा वजनाचं पत्र अर्ध्या आण्यात देशात कुठंही जाऊ लागलं, शेजारच्या तालुक्यात असो की पेशावरला. गोव्यात पोर्तुगिजांनी १८७१ साली आपली पहिली तिकिटं काढली. ती तिथंच बनवलेली, दिसायला ओबडधोबड, पण मला तशीच आवडतात. त्यांत बनवणाऱ्याचा हात दिसतो.

आता त्या भांड्यांकडं येतो.

नवा देश जन्माला येतो तेव्हा त्याच्याकडं सवड नसते. छापखाना नसतो, ठसे नसतात, आणि लोकांची पत्रं तर थांबत नाहीत. मग तो काय करतो? जुन्या मालकाच्या तिकिटावरच आपलं नाव छापतो. १९२२ साली आयर्लंडनं तेच केलं. ब्रिटनच्या राजाचं तोंड असलेल्या तिकिटांवर आपल्या भाषेत नाव छापलं आणि ती चालू केली. त्याच वर्षअखेर स्वतःचं तिकीट काढलं, त्यावर आपल्या बेटाचा नकाशा. १९४७ साली पाकिस्ताननं हिंदुस्थानच्या तिकिटांवर १ ऑक्टोबरपासून पाकिस्तान हे नाव छापलं. त्याची स्वतःच्या चित्राची तिकिटं १९४८ च्या जुलैत आली. जुन्या भांड्यावर नवं नाव, दुसरं काय!

आपलं स्वतंत्र भारताचं पहिलं तिकीट २१ नोव्हेंबर १९४७ चं. त्यावर फडकता तिरंगा आणि 'जय हिंद' ही अक्षरं. किंमत साडेतीन आणे. गावात पत्र टाकायला साडेतीन आणे कोण लावणार? ते तिकीट परदेशी जाणाऱ्या पत्रांसाठी होतं. सारनाथच्या सिंहांचं, देशातल्या पत्रांसाठीचं दीड आण्याचं तिकीट त्यानंतर डिसेंबरात निघालं. म्हणजे स्वतंत्र झाल्यावर आपण पहिलं तिकीट काढलं, ते लांबच्यांना पत्र लिहिण्यासाठी.

माझ्या वहीतलं सगळ्यांत लाडकं तिकीट मात्र बाजारात फारशा किमतीचं नाही. माझा धाकटा भाऊ फौजेत होता. १९७१ च्या लढाईत तो पूर्वेच्या आघाडीवर होता. लढाई संपल्यावर त्याचं पत्र आलं, त्यात एक तिकीट घातलेलं. पाकिस्तानचं तिकीट, आणि त्यावर जांभळ्या शाईत रबरी शिक्का: बांगला देश. नव्या सरकारनं आपली आठ तिकिटं आदल्या जुलैतच, २९ तारखेला काढली होती. देश मोकळा व्हायच्या साडेचार महिने आधी! लंडनमध्ये राहणारे बंगाली चित्रकार बिमान मल्लिक यांनी ती काढली होती. पण देश मोकळा झाल्यावर गावोगावच्या पोस्टात पुरवठा व्हायला वेळ लागणारच. तोवर जुन्या साठ्यावर शिक्के मारून काम भागवलं. भावानं चिठ्ठीत एवढंच लिहिलं होतं, "दादा, तुझ्या वहीला."

पुढं वडील गेले आणि १९८४ साली आमची वाटणी झाली. तिघे भाऊ, अठरा एकर. जमिनीचं सुरळीत झालं, सातबारे वेगळे झाले. अडलं ते विहिरीच्या पाळीवर. विहीर एक, मोटार एक, आणि वीज असायची चार तास. धाकट्यानं मळ्यात घर बांधलं. त्याचं आमचं बोलणं बंद झालं. एक सुगी अशीच गेली. सणाला पोरं एकमेकांकडं जाईनात. आमच्या म्हातारीला ते सोसेना. ती जेवताना ताटावरून उठायची.

एक दिवस तिला मळ्यात सोडायला गेलो. अंगणात घंगाळ पालथं घातलेलं होतं. त्यावर आजोबांचं नाव, आणि खाली ताज्या अक्षरांत धाकट्याचं. मी ते बघत उभा राहिलो. लोक म्हणतात, नाव घातलं म्हणजे तोडून टाकलं. मला तसं वाटलं नाही. जुनं नाव खरवडलेलं नव्हतं. त्याच्याच खाली नवं घातलं होतं.

रात्री वही उघडली. जांभळा शिक्का बघितला. मनात आलं, हे देश एकमेकांशी लढले, वाटण्या झाल्या, रक्त सांडलं. तरी वेगळं झाल्यावर प्रत्येकानं पहिल्या काही कामांत तिकीट काढलं. तिकीट काढायचं म्हणजे काय? आम्ही तुम्हाला पत्र लिहू, आणि तुमचं आलं तर घरपोच करू, असा तो शब्द असतो. १८७४ साली स्वित्झर्लंडमधल्या बर्न शहरात देशांनी तसा करारच केला. एका देशानं आपलं तिकीट लावून पत्र पाठवलं, तर दुसऱ्यानं ते मान्य करायचं आणि पोहोचवायचं. आपण त्यात १८७६ साली गेलो. जी गोष्ट राज्यांना जमली, ती दोन भावांना का जमू नये?

सकाळी पंधरा पैशांचं कार्ड घेतलं. "चि. भावास अनेक आशीर्वाद. पाळीचं ठरवायचं आहे. तू म्हणशील तो वार. आई तुझी वाट बघते." मळा आमच्या घरापासून एक मैलावर. कार्ड पोस्टात टाकलं, शिक्का बसला आणि पोस्टमनच्या हातानं गेलं. तो हसला, पण त्यानं नेऊन दिलं. चौथ्या दिवशी उत्तर आलं. "ती. दादांस शि. सा. न. वि. वि. सोमवारपासून तीन दिवस पाणी तुमच्याकडं. पोरांना पाठवा." तोंडासमोर उभं राहून हे आम्हा दोघांनाही बोलता आलं नसतं. ते कार्ड मी वहीत लावलं आहे. कुठल्या देशाचं म्हणून लावलं, असं नात विचारते. मी सांगतो, वाटणीनंतरचं धाकट्याच्या घरचं ते पहिलंच पत्र.

तुमच्यापैकी कुणाला, विशेषतः पोरापोरींना, हा नाद लागला तर चार गोष्टी ध्यानात ठेवा. सगळ्या देशांची पहिली तिकिटं मिळवीन, असा हट्ट धरू नका. मॉरिशसचं तिकीट आपल्यासाठी नाही, त्याचं चित्र बघून समाधान मानावं. पण पुढं स्वतंत्र झालेल्या कितीतरी देशांची पहिली तिकिटं आवाक्यातली असतात. घानाचं १९५७ चं घ्या. त्यावर पुढारी एन्क्रुमा, आफ्रिकेचा नकाशा आणि एक गिधाड आहे. संयुक्त राष्ट्रसंघाची १९५१ ची आहेत. मी माझी बहुतेक तिकिटं अदलाबदलीनं मिळवली. आपल्याकडची तिकिटं पाठवायची, त्यांची मागवायची.

पाकिटावरचं तिकीट ओढून काढू नका. भोवतीचा कागद ठेवून कातरीनं कापा, साध्या पाण्यात भिजत ठेवा, आपोआप सुटेल. मग टीपकागदावर वाळवून जड पुस्तकाखाली दाबा. हलक्या शाईचा कागद असेल तर वेगळा भिजवा, नाहीतर रंग लागतो. हल्लीची मागं चिकट थर असलेली तिकिटं पाण्यात नीट सुटत नाहीत, ती कागदासकट ठेवावीत. जुनं पाकीट अख्खं मिळालं तर त्याला हातच लावू नका. शिक्का, तारीख आणि पत्ता यांतच त्याचं मोल असतं. वही दमट जागी ठेवू नका, नाहीतर पावसाळ्यात पानं चिकटतात.

आणि स्वस्तात मोठं घबाड मिळतंय असं वाटलं तर थांबा. एका व्यापाऱ्यानं मला सिंधची लाखेची चकती दाखवली होती. किंमत सांगितली बैलजोडीची. पावणेदोनशे वर्षं जुनी म्हणवणारी लाख, आणि तिला एक तडा नाही! मी हात जोडले आणि घरची वाट धरली.

आता वही नातीकडं दिली आहे. दक्षिण सुदान २०११ साली स्वतंत्र झाला, त्याचं पान तिनंच घातलं. शेवटी तिनं पाच-सहा पानं कोरी ठेवली आहेत. अजून कुणी वेगळं व्हायचं असेल तर, म्हणते.