कुलवृत्तांताचे रकाने

शिक्षक सेवानिवृत्त होऊन घरी बसला, म्हणजे मंडळी त्याला काम शोधून देतात. आमच्या वाट्यास कुलवृत्तांत आला. थोरल्या बंधूंनी ठाण्याहून तीन वह्या व सुट्या कागदांचे एक बाड आणून आमच्या डोंबिवलीच्या घरी ठेवले आणि 'तू संस्कृतवाला, हे नीट लाव' एवढे सांगून ते निघून गेले. छापील वृत्तांतांची धाटणी पाहावी म्हणून ठाण्याच्या मराठी ग्रंथ संग्रहालयात आम्ही दोन दिवस घालविले. ही संस्था १८९३ पासूनची. तेथे बसले की उठवत नाही. असो.

आरंभी संगणकावर हिशेबाचा साधा तक्ता मांडला. पणजोबांचा जन्म १८७८ चा; परंतु १९०० पूर्वीचा दिवस हा दिवस आहे, हेच त्या तक्त्यास मान्य होईना. महाविद्यालयात संगणकशास्त्र शिकणारी आमची नात म्हणाली, "आजोबा, याला तक्ता नाही पुरायचा. डेटाबेस हवा." मायक्रोसॉफ्टचा ऍक्सेस १९९२ पासून बाजारात आहे व त्यात इ. स. १०० पासूनची तारीख चालते. तोच घेतला.

या पद्धतीचे मूळ ई. एफ. कॉड यांच्या १९७० च्या निबंधात आहे. एक गोष्ट एकाच ठिकाणी नोंदावी, अन्यत्र तिचा केवळ निर्देश करावा, असा तिचा रोख. पाणिनीच्या सूत्रांतील अनुवृत्ती जाणणारास यात नवल वाटू नये. तेथेही वर एकदा आलेले पद खाली पुन्हा न उच्चारता चालत येते. निर्देशासाठी प्रत्येक व्यक्तीस क्रमांक द्यावयाचा. नावाने का भागू नये, असे आम्ही विचारले खरे. पण नातवास आजोबांचे नाव ठेवण्याची आपली चाल! आमच्या वंशात नाव, वडिलांचे नाव व आडनाव तिन्ही सारखी असलेले दोन पुरुष निघाले. श्राद्धतिथीस मास, पक्ष व तिथी असे तीन रकाने लागले.

वह्यांस अनुसरून आम्ही पुरुषाच्या ओळीत 'पत्नी' हा रकाना केला होता. पणजोबांचे दोन विवाह झालेले, म्हणून 'पत्नी २' असा आणखी एक. ते पाहून नात म्हणाली, "या बायका रकाने कशा? माणसं आहेत ना? त्यांना त्यांची ओळ हवी." तेव्हा सर्व स्त्रिया व्यक्तींच्या कोष्टकात आल्या आणि विवाहांचे कोष्टक निराळे झाले: पतीचा क्रमांक, पत्नीचा क्रमांक, तारीख. वह्यांत 'अमक्यांस दिली' एवढ्यावर संपणाऱ्या कन्याही मुलाबाळांसह परत आल्या.

नातीने 'जन्मनाव' हा रकाना सक्तीचा केला होता. तो भरल्यावाचून ओळ जतन होत नसे. आजीची ओळ घेतली आणि आमचा हात थांबला. जिच्या कुशीत आम्ही निजलो, जिने अक्षरओळख नसता नुसते ऐकून रूपावली पाठ केली व आम्ही चुकलो की तत्काळ टोकले, तिचे माहेरचे नाव आम्हांस ठाऊक नव्हते. साठी उलटेपर्यंत ते विचारावे असेही सुचले नव्हते. 'अज्ञात' असे भरून पुढे जावे, असे आम्ही म्हटले.

"मग तेच तिचं नाव होईल, आजोबा."

दुसऱ्या दिवशी कल्याणास पारनाक्यावर आत्याकडे गेलो. तिला नव्वदावर वर्षे झाली आहेत. बराच वेळ ती काही बोलली नाही. मग म्हणाली, "तिच्या धाकट्या भावानं एकदा माजघरात त्या नावानं हाक मारली होती. आई ओ द्यायला वळली, आणि रडायलाच लागली बघ." ते नाव आत्याने दोनदा उच्चारून दाखविले. येथे छापणे प्रशस्त वाटत नाही. तीन अक्षरांचे आहे.

आजीची ओळ जतन झाली. पणजोबांच्या प्रथम पत्नीविषयी मात्र, ती विशीच्या आत वारली, यापलीकडे आत्यासही काही सांगता आले नाही. घरी आल्यावर नातीने त्या रकान्याची सक्ती काढून टाकली. क्रमांक ९, आणि पुढे जन्मनावाची जागा रिकामी, अशी ती ओळ आहे.