पाठीचं देणं

दोन्ही किडन्या निकामी झाल्याचं कळलं तेव्हा तासगावच्या आमच्या घरी माणसांची रीघ लागली होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात शहाळं. शहाळ्यातलं पोटॅशियम डायलिसिसवरच्या माणसाला सोसत नाही, हे त्या बिचाऱ्यांना कुठून माहीत असणार? सूनबाई हसून ठेवून घ्यायची आणि पाहुण्यांची पाठ वळली की गल्लीतल्या पोरांना वाटून टाकायची. पुढं वर्षाभरानं अंगाला खाज सुटली. ती बघायला मात्र कोणी आलं नाही, कारण मी ती कोणाला सांगितलीच नाही. किडनी जाण्याला एक मान असतो. खाजेला नसतो. खरूज झाली की काय, टॉवेल वेगळा ठेवावा की काय, असं मनात येऊन माणसं जरा सरकून बसतात. टपाल कचेरीत उभा जन्म काउंटरवर काढलेली मी. चारचौघांत पाठ खाजवणं मला जमण्यातलं नव्हतं.

दिवसा ती दबून असायची. रात्री दिवा मालवला की सुरू. पाठ, दंड, पोटऱ्या. पुरळ नाही, गांध नाही, बघणाऱ्याला दिसेल असं काही नाही. जे ओरखडे होते ते माझ्याच नखांचे. खाजवलं की एक श्वासभर बरं वाटायचं, मग तिथं आग आणि खाज दुसरीकडं. पाठीच्या मधोमध हात पोचत नाही. कंगवा झाला, लाटणं झालं, शेवटी मध्यरात्री उठून दाराच्या चौकटीला पाठ लावायची. घरचे झोपलेले असायचे म्हणून बरं. गावातल्या डॉक्टरांनी अॅलर्जीची गोळी दिली. तिनं गुंगी यायची आणि मी गुंगीतही खाजवत असायची. कोणी न विचारताही उपाय सुचवणारे असतातच: आमचा जिल्हा हळदीचा, त्यामुळे हळद-खोबरेल तर झालंच; पातळांना लागलेले पिवळे डाग काही गेले नाहीत. कडुलिंबाच्या कढत पाण्यानं अंघोळ केली. अंगावर पाणी पडत असेपर्यंत स्वर्ग, तासाभरात कातडी पहिल्यापेक्षा कोरडी.

आठवड्यातून तीनदा मिरजेला डायलिसिस. सरकारच्या महात्मा फुले योजनेत ते फुकट होतं. येण्याजाण्याचं भाडं आपलं. 2023 मध्ये एसटीत बायकांना अर्धं तिकीट झालं तेव्हा तेवढाच हातभार लागला. तिथं सगळे मला विचारायचे. वजन किती वाढलं, बीपी किती, जेवलात का, फिस्टुला नीट वाजतोय का. फिस्टुला म्हणजे सुया टोचण्यासाठी हातातली शीर धमनीला जोडलेली जागा; टेक्निशियन दादा हाताला कान लावून तो ऐकायचासुद्धा. पण वजन काट्यावर दिसतं, बीपी पट्टीवर दिसतं. खाजेचं यंत्र नाही, म्हणून तिचा रकाना नाही.

चादरी बदलायला एक मावशी होत्या. ठेकेदाराचं माणूस. फरशी पुसणं, डबे उघडून देणं, ज्याला उलटी होईल त्याच्यापुढं भांडं धरणं, हे त्यांचं काम. बोलायला तिखट. एका दिवशी सुया काढून, दाबून, पट्टी लावून मी उठले आणि त्यांनी चादर ओढली. ओढली आणि तशीच धरून उभ्या राहिल्या.

"ताई, सुई हिकडं, आन रगात तिकडं कसं ओ?"

माझा फिस्टुला डाव्या हाताला. चादरीवर डाग होते ते मधोमध, पाठीच्या जागी, पुसट, रेघारेघांचे. मी म्हटलं, काही नाही, घामोळं असेल. मावशींनी माझ्याकडं नीट बघितलं.

"खाजतंय न्हवं? आमची म्हस बी अशीच खांबाला पाठ घासती. तिला आमी त्याल लावतो. तुमास्नी कोण लावतं?"

त्या प्रश्नाला माझ्याकडं उत्तर नव्हतं. नवरा जाऊन बरीच वर्षं झालेली. मुलगा आहे, पण आईनं मुलाला पाठ कशी दाखवायची? सून सकाळी आठला शाळेवर जाते. मी गप्प राहिले आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं, ते मावशींनी बघितलं नाहीसं केलं. चादर मात्र त्यांनी पाटीत टाकली नाही. तशीच घडी करून काखेत मारली आणि सिस्टरांच्या टेबलावर नेऊन ठेवली. मला इतकी लाज वाटली की मी निरोपही न घेता बाहेर पडले.

पुढच्या खेपेला किडनीचे डॉक्टर स्वतः खुर्चीजवळ आले. "इतके महिने सांगितलं का नाही?" मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." ते हसले, पण खजीलही झाले असावेत, कारण मग स्टूल ओढून बसले. त्या दिवशी त्यांनी जे सांगितलं ते मला पहिल्याच महिन्यात कळायला हवं होतं. ही खाज कातडीचा रोग नव्हे आणि कोणाला लागतही नाही. डायलिसिसवरच्या दहांपैकी जवळजवळ चौघांना ती चांगलीच छळते. जगभर बरेच जण माझ्यासारखेच गप्प बसतात. किडनीच्या रुग्णाच्या घामाच्या आणि तेलाच्या ग्रंथी आटतात, कातडी कोरडी ठणठणीत होते. रक्तातलं फॉस्फरस आणि पॅराथायरॉइडचं हार्मोन वाढलेलं असलं तर भर पडते. डायलिसिस पुरेसं होत नसलं तर पडते. आणि मज्जातंतूच चुकीची वर्दी देत राहतात. अॅलर्जीच्या गोळीचा उपयोग का झाला नाही, तेही कळलं. अॅलर्जीत जे हिस्टामीन खाज उठवतं, त्याचा इथं फारसा वाटा नसतो.

रक्त तपासलं. फॉस्फरस 7.8 निघालं, ते साडेपाचच्या आत असलेलं बरं. त्यासाठी कॅल्शियम अॅसिटेटची गोळी मला आधीपासून होतीच. कागदावर नुसतं 'दोन वेळा' लिहिलेलं, म्हणून मी ती जेवणं आटोपून, भांडी आवरून, झोपताना घ्यायची. सिस्टरांनी कपाळावर हात मारला. ही गोळी पोटात अन्नाबरोबर असली तरच अन्नातलं फॉस्फरस पकडते. "पहिल्या-दुसऱ्या घासाला गोळी, ताई. ताटात मिठाशेजारी ठेवा." तेव्हापासून माझ्या ताटात मिठाची जागा गोळीनंच घेतली आहे, मीठ तर आधीच बंद. शेंगदाण्याचं कूट पार सोडावं लागेल या भीतीनं मी अर्धमेली झाले होते. सांगलीकडच्या बाईच्या स्वयंपाकातून कूट काढलं तर उरतं काय? पण सिस्टर म्हणाल्या, कूट चिमटीनं घाला. झाडपाल्याच्या अन्नातलं फॉस्फरस निम्म्याच्या आसपासच अंगात मुरतं. कारखान्यातल्या खाण्यात घातलेलं मात्र जवळजवळ सगळं शोषलं जातं. नातवंडांबरोबर घेतला जाणारा काळा थंडा, पाकिटातलं चीज, बेकरीचा केक हे बंद.

डॉक्टरांनी डायलिसिसही अर्ध्या तासानं वाढवलं. फॉस्फरस पेशींच्या आतून सावकाश रक्तात येतं, म्हणून त्याला वेळ द्यावा लागतो. पण अर्धा तास वाढला की माझी तासगावची गाडी चुकणार. शेजारच्या खुर्चीवर एक निवृत्त एसटी कंडक्टर असत. डोळे मिटून पडल्या पडल्या म्हणाले, "ती चुकू दे ओ. मागनं दुसरी हाय, रिकामी असती, बसायला मिळतंय. मी ड्रायव्हरला सांगून ठेवतो." आणि खरोखरच सांगून ठेवलं. पुढं कित्येक दिवस तो ड्रायव्हर मला बघून गाडी क्षणभर जास्त थांबवायचा. त्या काकांचंही देणं आहेच. ते आता राहिले नाहीत.

मज्जातंतूंसाठी गॅबापेन्टिनची 100 मिलिग्रॅमची गोळी मिळाली, तीही फक्त डायलिसिसच्या दिवशी, डायलिसिस झाल्यावर. हे औषध किडनीवाटेच बाहेर पडतं, म्हणून आमच्यासारख्यांच्या अंगात साचतं. शेजारणीच्या कंबरदुखीच्या चिठ्ठीतला डोस घेतला तर तोल जाऊन पडायची वेळ येईल. माझा भाचा परदेशातल्या औषधांची माहिती काढून आला होता. खास या खाजेसाठी डायलिसिस संपताना शिरेतून द्यायच्या एका इंजेक्शनला अमेरिकेत 2021 मध्ये मान्यता मिळाली आहे. वाचून बरं वाटलं. कोणीतरी आपल्या खाजेवर एवढा विचार केला, हेच पुष्कळ होतं.

पण गोळ्यांचं श्रेय गोळ्यांना देऊनही, माझी पाठ निवली ती मावशींच्या हातानं. अंघोळ कोमट पाण्यानं, आटोपशीर, साबण काखेपुरता, आणि अंग पुरतं कोरडं व्हायच्या आत मलम लावायचं, असं सांगितलेलं. हात पोचेल तिथं मी लावायची. पाठ राहायची. मावशींनी ते माझ्या तोंडावर ओळखलं. डायलिसिसच्या दिवशी सुया टोचण्याआधी त्या पडदा ओढायच्या, ओल्या फडक्यानं पाठ टिपून घ्यायच्या आणि पांढरं मलम चोपडायच्या. चोळत नसत. "चोळलं की खाज जागी हुती," म्हणायच्या. त्यांचे हात फिनेलनं भेगाळलेले होते, तरी पाठीवर ते कधी खरखरीत लागले नाहीत. खुर्चीच्या रेक्झिनला पाठ घामेजते हे त्यांच्याच ध्यानात आलं. मग मी घरून एक जुनेर आणायला लागले, माझ्या सासूबाईंचं, धुऊन धुऊन लोण्यासारखं झालेलं सुती लुगडं. ते त्या खुर्चीवर अंथरायच्या आणि माझं झालं की झटकून पिशवीत भरून द्यायच्या. फिस्टुलाच्या हाताकडं नख गेलं की लांबून ओरडायच्या. तिथं जखम होऊन जंतू शिरले तर काय होतं ते त्यांनी दुसऱ्या पेशंटचं बघितलं होतं.

हे त्यांच्या कामात बसत नव्हतं. सिस्टर काणाडोळा करत. एकदा मी नोट पुढं केली तर मावशी चार दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. दिवाळीला पातळ दिलं, ते त्यांनी घेतलं, पण लगेच भाकरी आणि खर्डा बांधून आणला, तोही मला चालतो का सिस्टरांना विचारून, बिनमिठाचा. टपालात मी लोकांच्या मनीऑर्डरी मोजून दिल्या, पावत्या फाडल्या. इथं कशाची पावती फाडावी ते कळेना. अखेर बेदाणा कामी आला. आमची थोडी द्राक्षबाग आहे. बेदाण्यात पोटॅशियम फार, मला एकही दाणा तोंडात टाकायची सोय नाही. दर हंगामात दोन किलोचा डबा मावशींकडं जातो. त्याला त्या नाही म्हणत नाहीत.

खाज गेलेली नाही. उन्हाळ्यात उचल खाते, फॉस्फरस वर गेलं की कळवते. पण मी रात्री झोपते आणि चौकटीला पाठ लावायला उठत नाही. ठेका बदलला तेव्हा मावशींना त्याच दवाखान्यात बाळंतिणींच्या वॉर्डात टाकलं. आता पाठीला सून लावते. मावशींनीच तिला एका रविवारी बोलावून शिकवलं आणि वर मला म्हणाल्या, पोरगी घाई करती, पन शिकंल. अधूनमधून जिना चढून येतात, पडदा ओढून पाठ तपासतात, सुनेच्या कामाला शेरा देतात. परवाही आल्या होत्या. पाठ बघितली, पदर नीट केला, आणि जाता जाता म्हणाल्या,

"औंदाचं बेदानं आंबाट हाईत बरं का, ताई. फुडल्या बारीला जरा बघून द्या."