अर्ध्या मोज्याची पाठचिकित्सा

मराठी समीक्षेने विणकामाकडून किती शब्द उसने घेतले आहेत, याची एकदा यादी करायला हवी. कथेची वीण, अनुभवाचा पोत, निवेदनाचे धागेदोरे, कथानकाचा गुंता आणि मग त्याची उकल. 'सूत्र' म्हणजे मुळात धागाच, आणि 'ग्रंथ' म्हणजे गुंफलेले, बांधलेले काही. आम्ही दोघी गेली सतरा-अठरा वर्षे एकाच महाविद्यालयात मराठी शिकवतो आणि हे शब्द तासाला सर्रास वापरतो. विणकाम मात्र आमच्या हाती अध्यापनाच्या कितीतरी आधी आले, शाळेतल्या कार्यानुभवाच्या तासाला. त्यामुळे वर्गात 'वीण घट्ट आहे' असे म्हणताना आम्हाला कधीकधी हसू येते. घट्ट वीण हा समीक्षेत गुण असेल. मोज्यात तो असेलच असे नाही. पाय आत जायला हवा.

मराठीत 'विणणे' हे एकच क्रियापद मागावरच्या कापडालाही चालते, बाजेलाही आणि स्वेटरलाही. पण या कृती एक नव्हेत. मागावर उभे आणि आडवे असे दोन वेगळे धागे एकमेकांना छेदत जातात. सुयांवरच्या विणकामात धागा एकच असतो आणि तो स्वतःच्याच आधीच्या ओळीतून वाट काढत पुढे जातो. प्रत्येक टाका खालच्या टाक्याच्या आधाराने उभा असतो. म्हणून एक टाका सुटला की शिडी थेट तळापर्यंत उतरते, आणि टोक धरून ओढले की सगळे कापड पुन्हा नुसती लोकर होते. कापड फाटते, लोकर उसवते. 'संहितेची वीण' म्हणताना यांतली कोणती वीण आपल्या मनात असते, हे विद्यार्थ्यांना विचारून पाहण्यासारखे आहे.

या उसवता येण्यातूनच विणकामाचा एक खास प्रश्न निर्माण होतो: अपूर्ण राहिलेल्या कामाचे काय करायचे? विणणाऱ्या प्रत्येक बाईच्या घरी अशा कामांचे एक गाठोडे असते. आमच्या दोघींची गाठोडी साड्यांच्या रिकाम्या खोक्यांत आहेत. त्यांत एक बाही नसलेला स्वेटर आहे. ज्या बाळासाठी तो घातला ते बाळ आता अभियांत्रिकीच्या दुसऱ्या वर्षाला आहे. २०२० च्या टाळेबंदीत सुरू केलेली क्रोशाची शाल आहे, जी महाविद्यालये उघडली त्या आठवड्यात थांबली. एक कानटोपी आहे, तिचा नमुना ज्या मासिकात होता ते रद्दीत गेले. डांबराच्या गोळ्या टाकूनही यांतल्या काहींना कसर लागली. कसर हा मराठीतला मोठा अर्थपूर्ण शब्द आहे. लोकर आणि पुस्तके खाणारा किडाही कसर, आणि पुरे होण्यात राहिलेली उणीवही कसरच. अपूर्ण काम फार दिवस ठेवले की पहिलीला दुसरी येऊन मिळते.

अशा कामापुढे तीन वाटा असतात. ते पुरे करावे, उसवावे किंवा तसेच ठेवावे. विणकाम न करणाऱ्यांना उसवणे म्हणजे हार वाटते. आम्हाला तसे वाटत नाही. उसवलेली लोकर वेटोळ्यांची राहते. तिच्या लड्या करून, धुऊन, जरासे वजन लावून वाळत घातल्या की ती पुष्कळशी सरळ होते आणि दुसऱ्या कामाला येते. बाळाचा तो स्वेटर आम्ही असाच उसवला. ओडिसीतली पेनेलोपी दिवसा विणते आणि रात्री उसवते. तिचे काम मागावरचे आहे, सुयांवरचे नव्हे. पण ते सासऱ्यासाठी, लेअर्टिझसाठी विणलेले प्रेतवस्त्र आहे, हे शिकवताना अनेकदा निसटते. ते पुरे झाले की तिला विवाहेच्छुकांपैकी एकाला वरावे लागणार, म्हणून ती तीन वर्षे ते पुरे होऊ देत नाही. काम अपूर्ण ठेवणे हाच तिच्या हातातला एकमेव अधिकार आहे. एरवी आळस किंवा विस्मरण म्हणून आपण ज्याची वासलात लावतो, त्या अपुरेपणाला असेही कारण असू शकते.

हे सारे आठवायचे कारण म्हणजे एक मोजा. त्याच्याकडे वळण्यापूर्वी मोज्याविषयी थोडे सांगायला हवे, कारण मोजा हा आपल्याकडे जरा दुर्लक्षित प्रकार आहे. स्वेटराला मान असतो, तो चारचौघांत दिसतो. मोजा चपलेत दिसत नाही आणि बुटात झाकला जातो. आपल्या हवेत त्याची गरजही पौष-माघापुरती. जगात मात्र त्याचा इतिहास मोठा आहे. लंडनच्या व्हिक्टोरिया आणि अल्बर्ट संग्रहालयात इजिप्तमध्ये सापडलेले लाल लोकरीचे, अंगठा वेगळा असलेले मोजे आहेत. ते साधारण तिसऱ्या ते पाचव्या शतकातले, आणि दोन सुयांवर नव्हे तर एकाच सुईने गाठ घेत घेत केलेले. आज ज्याला आपण सुयांवरचे विणकाम म्हणतो त्याचे फार जुने नमुनेही इजिप्तमधलेच, आणि त्यांतही मोजेच आहेत. इंग्लंडमध्ये विल्यम ली याने १५८९ मध्ये विणकामाचे यंत्र काढले, तेही पायमोज्यांसाठी. विणकामाची बरीच बुद्धी पायाशी खर्च झालेली आहे.

आणि ती टाचेशी सर्वांत जास्त. मोठ्या माणसाच्या मोज्याला बारीक लोकरीचे साधारण ६४ टाके लागतात. ते तीन सुयांवर वाटायचे आणि चौथीने गोल विणत जायचे. दोन सुलट, दोन उलट अशी बॉर्डर, मग सरळ नळी. इथवर हात आपोआप चालतो. टाचेशी मात्र नळीला काटकोनात वळवायचे असते, तेही कात्री किंवा शिवण न लावता. निम्मे, म्हणजे ३२ टाके घेऊन त्यांवर ३२ ओळींची पट्टी विणायची. मग मधल्या टाक्यांवरून पुढे-मागे जात दर वेळी दोन टाके एकत्र घेत ३२ चे १८ करायचे. पट्टीच्या दोन्ही कडांवरून १६-१६ टाके उचलायचे. आता बाजूला ठेवलेले ३२ धरून ८२ होतात. ते एकाआड एक फेरीत दोन-दोन कमी करत पुन्हा ६४ वर आणायचे. हे कागदावर वाचून कळत नाही. हातात कळते, आणि तेही एकदम. सपाट पट्टीची वाटी होते.

आमच्यापैकी एकीच्या सासूबाई नाशिकला असत आणि दर हिवाळ्यात सासऱ्यांसाठी, म्हणजे अप्पांसाठी, मोज्यांचा एक जोड विणत. २०१९ च्या डिसेंबरात त्या गेल्या, तेव्हा एक मोजा पुरा होता आणि दुसरा टाचेपर्यंत आला होता. सुया टाक्यांतच होत्या. अप्पांनी तो तसाच कपाटात ठेवला. कपाट आवरायला घेतले की ते एवढेच म्हणत, "सुया काढू नका." कोणी काढल्या नाहीत. चार वर्षे तो मोजा सुयांवर राहिला.

मग एका जानेवारीत, थंडीच्या लाटेत, त्यांनी स्वतःच तो बाहेर काढून सुनेच्या हाती दिला. "पाय फार गार पडतात गं. होत असेल तर पुरा कर. नाहीतर राहू दे." त्या 'नाहीतर'मध्ये परवानगी किती आणि भीती किती, हे आम्हाला दोघींना आजही नेमके सांगता येणार नाही. मोजा पुण्याला आला आणि आमच्या दोघींचा झाला.

सोबत कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेला नमुना होता. सासूबाईंची लिपी संक्षेपाची: 'घा' म्हणजे टाके घाला, 'सु' सुलट, 'उ' उलट. बॉर्डर चार बोटे, नळी आठ बोटे. बोटे अर्थातच त्यांची. आणि सर्वांत अवघड जागी दोनच शब्द होते: 'टाच नेहमीसारखी'. संस्कृत टीकाकार सोप्या जागी पानेच्या पाने लिहितात आणि अवघड श्लोकापाशी 'स्पष्टम्' म्हणून पुढे जातात, अशी थट्टा आपण वर्गात करतो. तिचा अर्थ आम्हाला त्या दिवशी कळला. टीकाकार टाळाटाळ करत नव्हता. ज्याच्यासाठी तो लिहीत होता त्याला ते ठाऊकच होते. सासूबाई तर स्वतःसाठीच लिहीत होत्या.

सुदैवाने एक शाबूत प्रत हाताशी होती: पुरा झालेला पहिला मोजा. आम्ही तो भिंगाखाली धरून टाके आणि ओळी मोजल्या. त्यांचा हात घट्ट, इंचाला नऊ टाके, आमचा आठ. म्हणून त्यांच्या १३ नंबरच्या सुया काढून १४ नंबरच्या बारीक सुया घ्याव्या लागल्या. टाचेच्या पट्टीत त्या प्रत्येक सुलट ओळीत एक टाका न विणता उचलून घेत आणि दुसरा विणत. त्यामुळे पट्टी दुपदरी, जाड होते. हे नमुन्यात कुठेच नव्हते. 'नेहमीसारखी'मध्ये एवढे सगळे होते.

खरा प्रश्न पुढे होता. टाचेपुढचा मोजा कोणाचा? आपल्या परंपरेत याला दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही आदरणीय आहेत. एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे १५८४ च्या सुमारास, ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पाठांत शिरलेली भर त्यांनी दूर केली आणि पुढे कोणी स्वतःची ओवी यात घालू नये असा कठोर इशारा दिला. एवढा मोठा कवी. त्याला ओवी सुचत नव्हती असे नाही. तरी दुसऱ्याच्या कृतीत आपला हात दिसू नये, ही त्यांची निष्ठा. दुसरे उत्तर बाणभट्टाच्या मुलाचे. बाणाची 'कादंबरी' त्याच्या मृत्यूने अपुरी राहिली, ती मुलाने पुरी केली. कथा अर्धीच राहिल्याचे सज्जनांना झालेले दुःख पाहून आपण हे केले, कवित्वाच्या गर्वाने नव्हे, असे तो उत्तरभागाच्या आरंभी सांगतो. रसिकांनी उत्तरभाग पूर्वभागाच्या तोडीचा मानला नाही. पण तो टाकूनही दिला नाही. आणि मराठीने आपल्या सर्वांत मोठ्या गद्यप्रकाराला जे नाव दिले ते याच ग्रंथाचे. लेखकाच्या हातून अपुरा राहिलेला आणि दुसऱ्या हाताने पुरा झालेला एक ग्रंथ आपल्या प्रत्येक कादंबरीच्या नावात आहे, हे आम्ही इतकी वर्षे शिकवूनही आमच्या मनात असे कधी उतरले नव्हते.

आम्ही दोघींनी यावर पुष्कळ वाद घातला. एकीचे म्हणणे असे की मोजा हा ग्रंथ नव्हे. तो पायात घालण्यासाठी आहे, आणि अप्पांचे पाय गार पडतात. दुसरीचे म्हणणे असे की चार वर्षे ज्याने सुया काढू दिल्या नाहीत, त्याच्यासाठी तो मोजा केवळ पायात घालायचा राहिलेला नाही. वाद मिटवला तो लोकरीने. सासूबाईंची राखाडी लोकर टाचेच्या पट्टीत संपली. पुण्यात लक्ष्मी रस्त्याच्या आसपासची दुकाने पालथी घातली. राखाडी मिळाली, पण रंगाची तीच खेप मिळणे शक्यच नव्हते. नवी लोकर किंचित निळसर होती. तेव्हा ठरले की हा फरक लपवायचा नाही. संपादक गळालेली अक्षरे चौकटी कंसात भरतो. वाचकाची सोय होते आणि मूळ कुठे संपले तेही कळते. आमचा कंस निळसर राखाडी झाला.

बोटांपाशी मोजा बंद करताना सुया नव्हे, दाभणासारखी जाड सुई लागते. दोन्ही बाजूंचे टाके एकमेकांत असे ओवायचे की सांधा उरतच नाही. ती ओळ विणलेलीच वाटते. इंग्रजीत या टाक्याला किचनर यांचे नाव चिकटले आहे. १९०२ ते १९०९ हिंदुस्थानचे सरसेनापती असलेले आणि ज्यांच्याशी झालेल्या वादात कर्झन यांनी १९०५ मध्ये राजीनामा दिला, तेच हे किचनर. पहिल्या महायुद्धात घरोघरच्या बायका सैनिकांसाठी मोजे विणत होत्या. बोटांशी शिवणीचा उंचवटा राहिला तर बुटात पाय सोलवटतात, म्हणून हा सपाट सांधा. तो मात्र आम्ही अगदी निगुतीने केला. जिथे पाय दुखेल तिथे सांधा दिसता कामा नये. जिथे हात बदलला तिथे तो दिसायला हवा.

अप्पांनी जोड हातात घेतला, उजेडाकडे धरला आणि टाचेपुढची ती रेघ अंगठ्याने चाचपली. "इथपर्यंत तिचा," ते म्हणाले. मग दोन्ही मोजे पायांत घातले. सासूबाईंच्या १३ नंबरच्या चार सुया त्यांनी मागून घेतल्या आणि पुन्हा कपाटात ठेवल्या. आता त्यांच्यावर काही नव्हते.

या अनुभवातून सर्व अपुऱ्या कामांसाठी काही नियम काढावा असे आम्हाला वाटत नाही. बाळाचा स्वेटर उसवला ते योग्यच झाले, आणि क्रोशाची शाल खोक्यात आहे तीही तशीच राहील असे दिसते. तिची कोणाला गरज नाही. अपुरे काम कोणासाठी होते आणि तो माणूस आज काय मागतो, हे विचारल्यावाचून त्याचे पुढचे ठरवता येत नाही, एवढेच आम्हाला म्हणता येईल. आमच्या एम.ए.च्या वर्गात यंदा पाठचिकित्सा आहे. प्रक्षेप म्हणजे काय हे सांगताना आम्ही यापुढे पोथ्यांच्या जोडीला एक मोजाही नेणार आहोत. अप्पांचा नव्हे, तो त्यांना लागतो. त्याच नमुन्याचा दुसरा जोड आता आमच्या सुयांवर आहे, आणि नमुन्याच्या कागदावर 'टाच नेहमीसारखी' या ओळीखाली आम्ही ती टाच ओळीओळीने, सविस्तर लिहून ठेवली आहे. असो.